देवाशी धरलेला अबोला

फार फार जुनी गोष्ट आहे. नदीनं आपलं पात्र अजून कायमचं ठरवलं नव्हतं, तेव्हाची. तिच्या एका वळणावर एक गाव होतं आणि गावाच्या टोकाला, अगदी पाण्याला लागून, भैरोबाचं देऊळ होतं. देवळाची सेवा सिदोबा गुरवाकडे होती. त्याच्या आधी ती त्याच्या बापाकडे होती आणि बापाच्या आधी आजाकडे.

सिदोबाची एक सवय साऱ्या गावाला ठाऊक होती. तो देवाशी बोलायचा. भैरोबाचा पितळी मुखवटा चिंचेनं घासता घासता तो घरातलं सगळं त्याच्या कानावर घालायचा. गाय आटली, घरात सून आली, हैबती आता आपल्यापेक्षा चांगली आरती म्हणतो. हैबती म्हणजे त्याचा एकुलता एक मुलगा. लोक गमतीनं विचारायचे, देव काही उत्तर देतो का? सिदोबा म्हणायचा, उत्तर कशाला हवं, ऐकणारा समोर बसलाय एवढं पुरे आहे.

मग एका श्रावणात नदी गावात शिरली. पहाटे पाणी वेशीत होतं, ऊन वर येईपर्यंत ते घराघरांत आलं. माणसं लेकरं आणि जनावरं घेऊन माळावर पळाली. सिदोबा आणि त्याची सून सगुणा माळावर पोचली, पण हैबती अर्ध्या वाटेवरून मागे फिरला. देवाचा मुखवटा आत राहिला होता. सिदोबानं वरून पाहिलं. मुलगा कमरेएवढ्या पाण्यातून देवळाच्या पायऱ्या चढला आणि आत गेला. तो बाहेर यायच्या आधी देऊळ खचलं. मग तिथे नुसतं लाल पाणी उरलं.

पूर ओसरला, पण नदी जुन्या वाटेला परत गेली नाही. ती गावाच्या जागेवरूनच वाहू लागली. लोकांनी माळावर झोपड्या बांधल्या आणि एक चांगला दगड शोधून त्याला शेंदूर लावला. पाटील सिदोबाला बोलवायला आले. जागा बदलली तरी देव तोच आहे, पूजा सुरू करा, असं त्यांनी विनवलं.

सिदोबा म्हणाला, "त्याला आणायला माझा पोरगा पाण्यात गेला. पोरासाठी त्याला हात पुढे करता आला नाही. आता माझे हात त्याच्यापुढे जुळायचे नाहीत."

पाटील परत गेले. त्या दिवसापासून सिदोबानं देवाशी अबोला धरला. आयुष्यभर ज्याला सगळं सांगितलं त्याच्याशी बोलणं तुटल्यावर माणसांशी बोलायलाही त्याच्याकडे काही उरलं नाही. सकाळी जाग यायची, हात सवयीनं पूजेचा तांब्या शोधायचे आणि रिकामेच मांडीवर पडायचे.

एकदा सगुणा त्याच्यापुढे भाकरी ठेवून तिथेच बसली. तो जेवेना, तेव्हा तिनं कारण विचारलं. सिदोबाच्या मनातलं तेव्हा बाहेर पडलं.

"मरण कुणाला चुकलंय, सूनबाई? पण तो एकटा गेला. कुठल्या झाडोऱ्यात अडकला असेल, कोल्ह्याकुत्र्यांनी काय केलं असेल, तेवढंच दिसतं मला. जवळ कुणी नव्हतं त्याच्या."

सगुणा म्हणाली, "मलाही तेच दिसतं, मामंजी. अजून रडायलासुद्धा आलेलं नाही मला. तुम्ही जा आणि शोधा त्यांना. जसे असतील तसे असोत. मला शेजारणी सांभाळतील."

सिदोबा काठी घेऊन निघाला आणि नदीच्या कडेनं खाली खाली चालत राहिला. गाव लागलं की विचारायचा, पुरात वाहून आलेला कुणी तरुण पाहिलात का? पाण्यानं त्या गावांचंही बरंच काही नेलं होतं. कुणी मान हलवायचं, कुणी उलट त्यालाच विचारायचं, वरच्या बाजूला आमची म्हातारी कुठे दिसली का? कुणी कोरडी भाकरी द्यायचं, कुणाकडे तीही नसायची. वाटेत देऊळ आलं की तो मान फिरवून पुढे जायचा.

चालता चालता शेतांतली ज्वारी पोटऱ्यात आली, कणसं बाहेर पडायला झाली. सिदोबाचे पाय सुजले होते. आता मागे फिरावं असं त्याच्या मनात आलं होतं, तेव्हा नदी रुंद झाली तिथे त्याला कोळ्यांची एक वस्ती लागली. पहिल्याच झोपडीपुढे एक उतारवयाचा कोळी जाळं सांधत बसला होता. गोमाजी त्याचं नाव. त्याच्या डोक्यावरचे केस बोटभरही नव्हते. हल्लीच कधीतरी मुंडन झालेलं दिसत होतं. दुःखातल्या माणसाला आपलं दुःख कसं सांगावं, म्हणून सिदोबा थबकला. मग रीत म्हणून त्यानं विचारलं, "घरातलं कुणी गेलं का, दादा?"

"मुलगा गेला," गोमाजी म्हणाला.

"माझाही गेला," सिदोबा म्हणाला. "वरच्या गावात. पुरात."

गोमाजीचे हात थांबले. त्यानं जाळं खाली ठेवलं आणि बायकोला हाक मारली. धुरपदा बाहेर आली. तिनं सिदोबाच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं, आत गेली आणि भाकरी आणि हुलग्याचं माडगं घेऊन आली.

"आधी जेवा, बाबा," ती म्हणाली. "मग सांगते."

तिच्या आवाजात असं काही होतं की सिदोबाला नाही म्हणता आलं नाही. तो शेवटच्या घासापर्यंत जेवला. त्यानं हात धुतले तशी धुरपदा समोर बसली.

तिनं सांगितलं ते असं. पूर चढलेला असताना गोमाजीला पाण्यात एक तरुण दिसला. नाव घालण्यासारखं पाणी नव्हतं, तरी त्यानं घातली. जीव केव्हाच गेला होता. त्या दोघांना मूलबाळ नव्हतं. वस्तीतले म्हणाले, कोण कुठला कळत नाही, पुढे सोडून द्या. धुरपदा ऐकेना. तिनं त्याला ऊन पाण्यानं आंघोळ घातली, कोरं धोतर नेसवलं, उशाशी दिवा लावला. गोमाजीनं बापासारखं डोकं भादरलं आणि अग्नी दिला. नाव माहीत नव्हतं, म्हणून त्याला नुसतं 'लेकरा' म्हणत सगळं केलं.

"दहाव्याला मात्र पिंडाला कावळा शिवेना," ती म्हणाली. "हे म्हणाले, मी तुला बाप म्हणून आठवेन. शिवेना. वस्तीतल्यांनी काय काय कबूल केलं. तरी नाहीच. मग माझ्या मनात आलं, याचं कुणीतरी मागे असेल. मी म्हटलं, लेकरा, तुझं माणूस तुला शोधत इथे आलं, तर त्याला मी उपाशी जाऊ देणार नाही. तेव्हा कावळा शिवला."

तेव्हापासून ती रोज एक भाकरी जास्त थापत होती, आणि सिदोबाला पाहताच तिनं ओळखलं होतं: तेच कपाळ, तेच नाक.

सिदोबानं आपलं पांढरं डोकं त्या कोळ्याच्या खांद्यावर टेकवलं आणि लहान मुलासारखा रडला. गोमाजीही रडला. एका मुलाचे दोन बाप होते ते.

दुसऱ्या दिवशी गोमाजी आणि धुरपदानं हैबतीला अग्नी दिला ती जागा सिदोबाला दाखवली. सिदोबा एकटाच पाण्याच्या काठाशी उभा राहिला. इतक्या दिवसांनी तो देवाशी बोलला.

"मी म्हणत होतो तू हात पुढे केला नाहीस," तो हळूच म्हणाला. "पोराला वाचवलं नाहीस, ते दुःख माझं आहे, ते मी तुला माफ केलं असं समजू नकोस. पण त्याला एकटं टाकलं नाहीस. एवढं मला दिसलं."

तो माळावर परतला. सगुणेला त्यानं सगळं सांगितलं, धुरपदानं हैबतीला नेसवलेल्या कोऱ्या धोतरासकट. सगुणा त्या दिवशी पहिल्यांदा रडली आणि रडून झाल्यावर पहिल्यांदा गाढ झोपली. सकाळी सिदोबा शेंदूर लावलेल्या त्या दगडापुढे जाऊन बसला. पाणी घातलं, फूल वाहिलं आणि इतक्या दिवसांच्या प्रवासात पाय किती दुखले ते देवाला सांगू लागला.

पुढे त्या गावात एक रीत पडली. वाटसरू, भिकारी, कुणीही अनोळखी माणूस तिथे दगावला, तर गावातला एकजण पुढे होऊन डोकं भादरायचा आणि घरचा माणूस म्हणून त्याला निरोप द्यायचा. पहिल्या वेळी पुढे झालेला माणूस सिदोबा गुरव होता. त्या गावात बेवारस हा शब्द हळूहळू कुणाच्या तोंडी राहिला नाही.

बोध एवढाच: देव प्रत्येक संकट टाळेलच असं नाही, पण संकटात तो कुणाला एकटं सोडत नाही.