तीन खांद्यांचं वळण

मंडळी, फोटो काढून झाले असतील तर कड्यापासून जरा मागे या. धुकं काही पळून जात नाही, पाय मात्र निसटतो. पाटीवर या वळणाला कोणा साहेबाचं नाव दिलंय. आम्ही गावकरी याला तीन खांद्यांचं वळण म्हणतो.

इंग्रजांच्या काळात ही वाट खुर्चीवाल्यांची होती. साहेब आणि मडमा खुर्चीत बसून घाट चढायच्या. खुर्चीला दोन लांब दांड्या, दोन माणसं पुढे, दोन मागे. त्यांचा एक नेम होता. भार खांद्यावर असेपर्यंत मान वळवायची नाही; मान वळली की पाय चुकतो. म्हणून पुढचा म्होरक्या हाक द्यायचा, 'खांदा?' आणि मागचे दोघे एकामागून एक म्हणायचे, 'आहे!' त्या उत्तरावर सगळ्यांचा भरवसा.

त्यांच्यात धाकू नावाचा एक होता. त्याची बायको चांगुणा पहिलटकरीण. ऐन श्रावणात तिचं मूल आडवं आलं आणि सुईणीने हात टेकले. दवाखाना घाटाखाली. साहेबाच्या व्हरांड्यात खुर्ची रिकामी पडली होती, पण आपल्या माणसाने तिच्यात बसायचं नाही असा दंडक. विचारलं असतं तर नकारच आला असता, म्हणून धाकूने विचारलंच नाही. भर दुपारी खुर्ची उचलली, चांगुणाला बसवलं, वरून घोंगडी घातली आणि चौघे निघाले. पुढे म्होरक्या राणोजी आणि त्याचा भाऊ. मागे डावीकडे भिवा, आणि उजवीकडे, कड्याच्या बाजूला, धाकू.

धुकं असं की स्वतःचे पाय दिसेनात. इथंच, या वळणावर, दगड घरंगळल्याचा आवाज झाला म्हणे. खुर्ची किंचित हलली. राणोजीने ओरडून विचारलं, 'खांदा?' भिवा म्हणाला, 'आहे!' मग जरा वेळाने धाकूचा आवाज आला, 'आहे!' राणोजीचा जीव भांड्यात पडला आणि सगळे चालत राहिले.

घाट संपेपर्यंत प्रत्येक हाकेला धाकूने उत्तर दिलं, असं सांगतात. दवाखान्याच्या दारात खुर्ची टेकली तेव्हा राणोजीने मान वळवली. मागे भिवा एकटाच उभा होता. उजव्या दांडीपाशी कोणी नव्हतं.

चांगुणा सुखरूप सुटली, मुलगी झाली. धनी कुठंयत म्हणून तिने विचारलं, तर सगळे एकमेकांकडे बघू लागले. 'आसं काय बगताय?' ती म्हणाली. 'वाटभर माज्या कानाशी धापा टाकीत व्हते की.'

दुसऱ्या दिवशी दोर सोडून धाकूला या दरीतून वर काढलं. पडल्या जागीच गेला होता. पण साऱ्या घाटाचा भार वाहिल्यासारखा त्याचा खांदा सोलून निघाला होता. राणोजी पुढे कितीतरी वर्षं जगला. इथं आपण मान वळवली असती तर धाकू वाचला असता का, आणि खुर्ची थांबली असती तर चांगुणा वाचली असती का, एवढंच तो येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायचा.

आजही वर गाड्यांना बंदी आहे. अडलेली बाई उतरवायची झाली की या वाटेने आम्ही तिघेच खांदा लावतो. उजवीकडची मागची दांडी मोकळी ठेवतो. शहरातली माणसं हसतात. हसा, मीही हसायचो. गेल्या पावसाळ्यात माझ्या सुनेला अशीच उतरवली. पुढे मी आणि माझा मुलगा, मागे फक्त पुतण्या. या वळणावर आलो आणि मी हाक दिली, 'खांदा?'

पुतण्या म्हणाला, 'आहे!'

मग जरा वेळाने दुसरं उत्तर आलं. मान वळवून बघावंसं फार वाटलं, मंडळी. पण सुनेचा जीव माझ्या खांद्यावर होता.