छताचा डोळा

इमारती नुकत्याच विचार करायला शिकत होत्या, तेव्हाची ही गोष्ट. एका दवाखान्याच्या खोलीत छताला यंत्राचा डोळा बसवला होता. खाली हालचाल थांबली, की तो दिव्याला विझायला सांगे.

एका संध्याकाळी तापाने फणफणलेली पोर शेवंताच्या मांडीवर कशीबशी झोपली. शेवंता तिच्या तोंडाकडे बघत अगदी निश्चल बसली.

"खोली रिकामी झाली. विझ आता," डोळा म्हणाला.

"खाली मायलेकी आहेत," दिवा म्हणाला.

"मग हलत का नाहीत?"

"आई हलली तर पोर जागी होईल."

डोळ्याला हे कुणी शिकवलं नव्हतं. तो बराच वेळ त्या दोघींकडे बघत राहिला.

मग हळूच म्हणाला, "जरा मंद हो. पण विझू नकोस."