पुस्तकात नसलेला कुत्रा

आमच्या शाळेच्या ग्रंथपाल घैसासबाई दर शनिवारी एखाद्या पुस्तकावरचा सिनेमा दाखवतात आणि मग तेच पुस्तक घरी वाचायला देतात. संस्थेचे अध्यक्ष रावसाहेब यांना हे मुळीच पटत नव्हतं. एका शनिवारी ते थेट ग्रंथालयात येऊन गरजले, "बाई, हा पडदा आजच उतरवा! सिनेमा पाहिल्यावर पुस्तक कोण उघडतंय? आम्ही पुस्तकं वाचून मोठे झालो!"

"मुलांनाच विचारून बघा ना, साहेब," बाई म्हणाल्या. "उत्तर चुकलं, तर मी स्वतः पडदा उतरवते."

नुकतीच आम्ही होडीवाल्या आजोबांची गोष्ट पडद्यावर पाहिली होती आणि तिचं पुस्तक पाळीपाळीनं घरी नेत होतो. ते टेबलावर दिसताच रावसाहेब खूश झाले. "हे तर मी तुमच्या वयात वाचलंय. सांगा, पुरात आजोबांना कोणी वाचवलं?"

"त्यांच्या नातीनं," मागच्या बाकावरून मृण्मयी हळूच म्हणाली.

"साफ चूक! कुत्र्यानं वाचवलं. बघा बाई, मी म्हणत नव्हतो?"

मृण्मयी उभी राहिली. "साहेब, कुत्रा सिनेमात आहे. पुस्तकात कुत्राच नाही. आम्ही नुसता सिनेमा पाहिला असता, तर आम्हीही कुत्राच म्हटलं असतं."

सगळ्यांनी हसू दाबलं. रावसाहेबांनी चष्मा पुसला आणि टेबलावरच्या पुस्तकाकडे हात नेला.

"ते न्यायची पाळी आता विहानची आहे, साहेब," बाई म्हणाल्या. "तुमचं नाव यादीत लिहू? नववा नंबर येईल."