अक्षरमुंग्यांचा शाप

एका राज्यात अक्षरांना शाप लागला होता. कराली नावाच्या चेटकिणीच्या मंत्रांना पाठशाळेतली मुले एकदा खदखदून हसली. तिने रागाने हात उगारला आणि म्हटले, "मुलाने एकट्याने पुस्तक उघडले, की अक्षरांच्या मुंग्या होतील!"

तसेच झाले. गुरुमांचे बोट ओळीवर असेल तोवर अक्षरे जागी राहत. बोट उचलले, की काळ्या मुंग्यांची रांग पान सोडून करालीच्या डोंगराकडे चालू लागे.

गुरुमा होत्या वेणुमती. बोट एक आणि मुले वर्गभर. "गुरुमा, माझ्याकडे या!" "आधी माझ्याकडे!" दिवसभर त्या या चटईवरून त्या चटईवर धावत. तरी राजा भद्रसेनाचे ग्रंथभांडार पानापानाने कोरे होत चालले.

अखेर वेणुमती रानातल्या एका ढोलीपाशी गेल्या. तिथे बोलणारा धनेश पक्षी राहत असे.

"पक्षिराज, उपाय सांगा."

"कामे तीन. घटिकापात्र बुडेपर्यंत मुलांनी आपापले वाचावे; मन पानावर असेल तोवर अक्षरे हलणार नाहीत. मनातले आपल्या हाताने लिहावे. आणि ते करालीला वाचून दाखवावे."

"मी काय करू?"

"हात पाठीमागे बांधा. अवघड तेच आहे."

राजाने ग्रंथभांडार उघडून दिले. ज्याला जे आवडले ते त्याने उचलले. वेणुमतींनी पाण्यात वेळ मोजायचे, बुडाशी बारीक भोक असलेले तांब्याचे घटिकापात्र सोडले; पण ते अर्धे भरायच्या आतच मुलांची चुळबुळ सुरू झाली आणि मुंग्या निघाल्या. कुणी रडले. वेणुमती विचारात पडल्या. मग त्यांनी एका चिमुकल्या करवंटीला मोठे भोक पाडले. ती डुबुक करून बुडाली, तोवर एकही अक्षर हलले नाही! दुसऱ्या दिवशी थोडी मोठी करवंटी, मग त्याहून मोठी. होता होता एके दिवशी घटिकापात्र बुडाले, ते कुणाच्या ध्यानातही आले नाही.

मग लिहिणे. इंदुला नावाची धीट मुलगी बोरू घेऊन बसली.

"गुरुमा, हत्ती कसा लिहू?"

वेणुमतींचे बोट शिवशिवले. त्यांनी हात पाठीशी घट्ट धरले. "तुझ्या कानाला विचार, बाळे."

इंदुलाने लिहिले, 'हती'. कागदातून बोटभर हत्ती बाहेर आला, पण त्याला कान नव्हते. इंदुलाने शब्द मोठ्याने वाचला, भुवया आकसल्या, आणि 'त'ला आणखी एक 'त' जोडला. फटकन दोन कान उघडले! वर्ग टाळ्यांनी दणाणला. सांजेपर्यंत चटयांवर ससे, होड्या आणि एक शिंकणारा राक्षस फिरत होता.

उरले तिसरे काम. इंदुला करालीच्या गुहेत शिरली. वेणुमती उंबऱ्याबाहेर थांबल्या.

"कोण ते?" कराली गरजली.

"मी इंदुला. गोष्ट आणली आहे."

इंदुला वाचू लागली. एका शब्दापाशी अडली, तशी अक्षरे पाय झाडू लागली. तिने मागे वळून पाहिले. वेणुमती हात पाठीशी धरून नुसत्या हसल्या. इंदुलाने शब्दाचा एकेक तुकडा धरला, जोडला आणि पुढे निघाली. "हत्तीने नदीत उडी घेतली..." आणि ती थांबली.

"मग?" कराली पुढे सरकली. तिला आजवर कुणी गोष्ट वाचून दाखवली नव्हती. "बुडाला की काय?"

"पुढचे अजून लिहिले नाही."

"मग लिही ना गं पोरी!"

हे शब्द तोंडून निघाले मात्र, शाप तडकला. डोंगरातून मुंग्यांच्या रांगा उतरल्या, भांडारात शिरल्या आणि आपापल्या पानावर अक्षर होऊन बसल्या.

राजा भद्रसेन बक्षिसे घेऊन पाठशाळेत आला. तुतारी वाजली. एकाही मुलाने मान वर केली नाही.

"हे काय?" राजा पुटपुटला.

"महाराज, जरा थांबावे," इंदुला पुस्तकातून वर न बघताच म्हणाली. "पान संपू दे."

राजाने मुकुट काढून बाजूला ठेवला, एक पुस्तक निवडले आणि चटईवर मांडी घातली. वेणुमतीही, कितीतरी दिवसांनी, स्वतःसाठी वाचायला बसल्या.