धक्का, लाँच आणि मधली फळी

"पण बुवा, फळी कुणाची ते आधी ठरायला नको?"

भिकाजीबुवा झोपडीच्या उंबऱ्यात बसून फणसाचे गरे खात होते. त्यांनी मान वर केली.

"कसली फळी?"

विचारणारे होते मनोहर तेरवणकर, बंदर खात्याचे साहेब. दर गुरुवारी बुवांच्या पायाशी बसायला यायचे, पण बसताना पँटची इस्त्री मोडू नये म्हणून भारी जपायचे. आज स्वारी धापा टाकत आली होती.

आणि का येणार नाही? खाडीवर सरकारनं नवाकोरा धक्का बांधला होता. लाँच आणली होती मुकादम शेटनी, स्वतःच्या कंपनीची. सरकार आणि कंपनी हातात हात घालून काम करणार, असं फलकावर ठळक रंगवलं होतं. आज पहिली फेरी. हार आले, पेढे आले, बँड आला. लाँच थाटात धक्क्याला लागली...

आणि मध्ये पाणी! खाली खडक, म्हणून लाँच याहून जवळ येईना. पाय ठेवायला काही म्हणजे काही नाही. एवढे शहाणे लोक महिनोन्महिने बैठका घेत होते, पण माणसं लाँचमध्ये चढणार कशी, हे एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

"आमचा धक्का कठड्यापाशी संपतो," साहेब म्हणाले. "पुढचं लाँचवाल्यांनी बघायचं."

"आमची लाँच काठापाशी संपते," मागोमाग आलेले मुकादम शेट म्हणाले. "पुढचं धक्केवाल्यांनी बघायचं."

"करारात फळीचं नाव नाही, म्हणजे ती तुमची."

"वा साहेब! नाव नाही म्हणून तर ती तुमची."

बुवांनी दोघांच्या हातावर एकेक गरा ठेवला.

"टाका की कुणीतरी एक फळी."

"टाकीन हो बुवा. पण टाकली की ती माझी झाली. उद्या कुणी पडलं तर खातं मलाच धरणार."

"आणि मी टाकली तर मला," शेट म्हणाले.

"बरोबर आहे..." बुवांनी आठळी बाजूला ठेवली. "आणि पडणारा कुणाचा?"

साहेब पँटची इस्त्री चाचपायला लागले. शेट उगाच खाडीकडे बघायला लागले.

झोपडीसमोरच धक्क्यावर वऱ्हाड खोळंबलं होतं. कोळीवाड्यातल्या रंजनाचं आज पलीकडच्या गावात लग्न. लाँच सुरू होणार म्हणून होडीवाल्यानं कालच होडी बंद केली होती. रस्त्यानं वळसा घालायचा तर मुहूर्त हुकणार. तरण्यांनी उडी मारली असती. पण आज्या होत्या, लेकुरवाळ्या होत्या, आणि नऊवारी नेसून, मुंडावळ्या बांधून नवरीनं काय खाडीवरून उडी मारायची?

रंजना तिथूनच ओरडली, "ओ साहेब! तुमचं ठरेस्तोवर मी इथंच म्हातारी व्हायची!"

वऱ्हाड खो खो हसलं. साहेबांचे कान लाल झाले.

बुवा उठले. झोपडीचं दार बिजागरीतून उचललं आणि एक टोक साहेबांच्या हातात दिलं.

"धर."

"बुवा, हे तुमच्या घराचं दार..."

"सरकारी नाही ना? कंपनीचंही नाही. धर."

दार धक्क्यावर आलं. शेट अंगानं चांगले भरलेले, पण झेप घेऊन लाँचवर गेले. लोकांनी टाळ्याच पिटल्या. दाराचं एक टोक धक्क्यावर टेकलं, ते साहेबांनी धरलं. दुसरं लाँचच्या काठावर, ते शेटनी.

पहिली आजी दारावर चढली आणि साहेबांनी जीव खाऊन दार आवळलं. तेवढ्यात लाटेनं लाँच उचलली. दार धाडकन हललं.

"अगं आई गं!" आजी किंचाळली.

"मनोहरा, धर म्हटलं," बुवा म्हणाले. "आवळ नाही म्हटलं."

साहेबांनी समोर पाहिलं. शेटही त्यांच्याचकडे बघत होते.

"साहेब, वर चाललोय हां..."

"जा, सैल सोडलंय. आता?"

"आता खाली येतोय."

"या, या, सावकाश!"

आणि जमलं की हो! लाट यायची, शेट हाक द्यायचे, साहेब सैल सोडायचे. आज्या गेल्या, लेकुरवाळ्या गेल्या, पेढ्यांच्या टोपल्या गेल्या, ढोलासकट ढोलवाला गेला. इस्त्रीची पँट गुडघ्यापर्यंत भिजली आणि साहेबांना त्याची शुद्धही नव्हती. कित्येक वर्षांत त्यांना इतका आनंद झाला नव्हता.

सगळ्यांत शेवटी रंजना. साहेबांचे हात अडकलेले, म्हणून तिनं त्यांच्या तोंडातच पेढा कोंबला. पलीकडे जाऊन शेटनाही भरवला. बँडवाल्यांना राहवेना, ते वाजवायलाच लागले.

पण साहेब शेवटी साहेबच. पेढा गिळला आणि म्हणाले, "शेट, आजचं निभावलं. उद्यापासून मात्र फळीचं लेखी लागेल. आधी कंपनीनं द्यायचं."

"आधी खात्यानं द्यायचं!"

"कंपनीनं!"

"खात्यानं!"

बुवांनी धोतर वर खोचलं, दारावरून चालत बरोबर मधोमध आले आणि पाय पाण्यावर सोडून खुशाल बसले.

"चालू द्या तुमचं," ते म्हणाले.

लाट आली. शेटची बाजू वर गेली, साहेबांनी सैल सोडलं. लाट उतरली. बुवा मजेत झुलले. आता एकानंही हात सोडला तर बुवा पाण्यात...

लाँचचा भोंगा वाजला.

"ओ, मुहूर्त!" रंजना ओरडली.

शेटच्या कपाळावरून घाम ओघळला. साहेबांचे दंड थरथरायला लागले. आणखी एक लाट आली, मागच्याहून मोठी. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं...

"बुवा, उतरा!" दोघं एकदमच ओरडले.

बुवा जागचे हलले नाहीत. दाढीतल्या दाढीत हसले.

"परत म्हणा एकदा. असंच, दोघांनी मिळून."