चिक्कू म्हातारीची पाणीपाळी

फार पूर्वी, एका नदीकाठच्या गावात एक पाटकरी राहत होता. बंधाऱ्याचं पाणी पाटाने कुणाच्या शेतात कधी सोडायचं, हे त्याचं काम. कामात चोख, पण स्वभावाने भोचक. कुणी वांग्याशेजारी मिरची का लावली, कुणाची सून माहेराहून चार दिवस आधीच का परतली, हे कळल्याशिवाय त्याच्या घशाखाली घास उतरत नसे.

त्या गावात पाणीपाळी, म्हणजे पाटाचं पाणी घ्यायची पाळी, शेताची नसे, माणसाची असे. मरताना माणूस जमीन एकाला आणि पाणी दुसऱ्याला देऊ शके. मात्र तसं तोंडाने सांगावं लागे.

गावाबाहेर सगळ्यांची मिळून एक राई होती. पोरं तिथे हुंदडत, वाटसरू टेकत, बाजाराला आलेले बैल सावलीत रवंथ करत. मरताना जो तो राईला एक झाड देऊन जाई. म्हणजे घरची मंडळी रोप लावत, दगडावर नाव कोरत आणि हात झटकून घरी जात. उन्हाळ्यात रोप वाळे, दगड तेवढा राही. जुनी झाडंही आता एकेक करून वठत चालली होती. गाव हळहळे आणि पुन्हा एक रोप लावी.

गावात वांगी पिकवणारी एक म्हातारी होती. चिक्कू म्हणजे किती, तर किडकं वांगंही कुणाला फुकट देत नसे. कीड कापून टाकी आणि उरलेल्याची भाजी करी.

एका सकाळी पाटकरी तिच्या शेतात पाणी सोडत होता. म्हातारी बरेच दिवस आजारी होती. तिने शेतातल्या खोपटातून, खाटेवरूनच हाक मारली.

"इकडे ये रे. माझ्या दोन पाळ्या आहेत. एक जमिनीसकट पुतण्याला. दुसरी राईला."

पाटकऱ्याच्या हातातलं फावडं थांबलं. "राईला? मावशी, तू तर तिथं एकदासुद्धा बसली नाहीस. मग का गं?"

"का म्हणजे? बघवत नाही मला! मोठे शहाणे तुमचे पंच. रोपं लावतात, नावं कोरतात, आणि पाणी घालायला काय यांचा बाप येणार? माझ्या डोळ्यांदेखत बारा रोपं वाळली. एवढी नासाडी मी माझ्या शेतात होऊ दिली असती का? उद्या पंचांना आण, त्यांच्यापुढं सांगते."

पण त्याच दुपारी म्हातारी गेली.

तिचं दिवसकार्य झाल्यावर पाटकऱ्याने पुतण्याला सगळं सांगितलं. पुतण्याला ऊस लावायचा होता आणि त्यासाठी दोन्ही पाळ्यांचं पाणी हवं होतं. तो म्हणाला, "ऐकलं तू एकट्यानं. गप्प बस, तुझ्या परसातल्या वेलींना माझ्या पाटाचं पाणी घे. बोललास तरी खरं कोण मानणार? काकीनं जन्मात कुणाला काही दिलंय? लबाड ठरशील आणि पाटकरीपण घालवून बसशील."

त्याचं म्हणणं काही खोटं नव्हतं. पाटकऱ्याचं पोट त्या कामावरच होतं. तो घरी जाताना राईत टेकला. समोर एका दगडाशेजारी वाळकी काडी उभी होती. दगडावर मुख्य पंचांच्या वडिलांचं नाव होतं. ते वाचून त्याला म्हातारीचं 'यांचा बाप' आठवलं. म्हातारीला शेवटी देव आठवला, तिने पुण्यासाठी पाणी दिलं, असं गोड करून सांगावं का? पंचांना आवडेल, आपणही सुटू. पण म्हातारी तसं बोलली नव्हती. तिचं पाणी द्यायचं आणि तिचं बोलणं गिळायचं, हे त्याला पटेना.

पंच बसले. पाटकऱ्याने म्हातारीची इच्छा सांगितली. गाव खो खो हसलं.

मुख्य पंचांनी विचारलं, "ती म्हातारी? राईला? ती का देईल?"

आयुष्यभर लोकांना 'का' विचारत फिरलेल्या पाटकऱ्याला आज उत्तर द्यायचं होतं. त्याने म्हातारीचं बोलणं शब्दन् शब्द सांगितलं. 'शहाणे पंच' वगळलं नाही आणि 'यांचा बाप'ही वगळलं नाही. हसू थांबलं. पुतण्या तेवढा गालातल्या गालात हसत होता.

मुख्य पंचांनी पाटकऱ्याला जवळ बोलावलं. मग म्हणाले, "हे तिचंच बोलणं. रचून सांगायचं असतं, तर तू तिला संत केलं असतंस. आणि माझ्या तोंडावर माझा बाप काढायची तुझी छाती कुठली!"

गावाला पुन्हा हसू फुटलं. पंच मात्र हसले नाहीत. "म्हातारी एक चुकली. बारा नव्हे, तेरा रोपं. माझ्या वडिलांचं तिनं धरलं नाही. तिची दुसरी पाळी राईलाच द्या."

दुसऱ्याच दिवशी पाटकऱ्याने राईच्या बाजूचा बांध फोडला आणि कोरड्या मातीत पाणी शिरलं.

तात्पर्य: सगळ्यांच्या सावलीसाठी काही ठेवून जायचं असेल, तर झाडाबरोबर त्याचं पाणीही ठेवून जावं.