सगुणेच्या वांग्यातलं मीठ

एका गावात एक केरोबा नावाचा माणूस होता, आणि अख्ख्या गावाची चव त्याच्या जिभेवर ठरायची. बारसं असो नाहीतर साखरपुडा, पंगत बसण्याआधी केरोबाला चुलीपाशी बोलवायचं आणि पळीभर रस्सा त्याच्या तळहातावर घालायचा. त्यानं चाखून "वा! बसू द्या पंगत," म्हटलं, की मगच पत्रावळी मांडायच्या. केरोबा मोठा उदार होता. पाणचट आमटीलाही तो 'वा' म्हणायचा. परक्याचं मन कशाला मोडा, म्हणायचा. या उदार माणसाच्या तोंडाला घरी मात्र कुलूप असायचं.

घरी त्याची बायको होती, सगुणा. कोवळी मेथी मिळाली की बाई हरखून जायची. डाळ शिजेना झाली की तिचा जीव टांगणीला. तव्यावर भाकरी टम्म फुगली, की ती एकटीच हसायची आणि तेवढी भाकरी नवऱ्याच्या ताटासाठी बाजूला ठेवायची. केरोबा जेवायला बसला की ती विचारायची, "अहो, कसं झालंय?"

"हूं," केरोबा म्हणायचा.

रोज सकाळ-संध्याकाळ तेच 'हूं'. बरं, जेवण त्याला आवडत नव्हतं म्हणावं, तर तसंही नाही. बोटं चाटून खायचा की! शेजारच्या यसूबाईनं एकदा टोकलंच, "भावजी, तिला एकदा तरी चांगलं म्हणा."

"खुळी का काय वहिनी तू? घरच्या बाईला तोंडावर चांगलं म्हटलं की ती शेफारते. हात ढिला पडतो मग."

आता बोला! गावभरच्या आचाऱ्यांचे हात ढिले पडत नव्हते, सगुणेचा तेवढा पडणार होता. तरी ती रोज विचारायची, कारण एक ना एक दिवस तो 'वा' म्हणेल, असं त्या भाबड्या बाईला खरंच वाटत होतं.

पुढं यसूबाईच्या लेकीचा साखरपुडा ठरला. नेमका त्या दिवशी आचारी तापानं आडवा झाला. सगुणेनं पदर खोचला आणि शंभर माणसांचं भरलं वांगं एकटीनं केलं. रिवाजाप्रमाणे केरोबाला बोलावणं गेलं. तो आला, त्यानं रस्सा चाखला आणि डोळेच मिटले.

"वा!" तो ओरडला. "वा रे वा! असं वांगं उभ्या जन्मात खाल्लं नाही मी. कोण आचारी आणलात?"

यसूबाई खदखदून हसली. "अहो भावजी, घरचाच हात ओळखला नाहीत? सगुणावहिनींनी केलंय."

सगुणा पातेल्यामागं उभी होती. धुरानं डोळे लाल झाले होते, पण चेहरा असा फुलला होता, की बघणाऱ्याला बरं वाटावं. सगळे केरोबाकडं बघू लागले. केरोबा चपापला. त्यानं हात झटकला आणि म्हणाला, "तरीच! मीठ जरा जास्त पडलंय. असू दे, बसू द्या पंगत."

लोक हसले. सगुणाही हसली. चारचौघांत दुसरं काय करणार? सगळे पांगल्यावर तिनं बोटाच्या टोकावर रस्सा घेऊन चाखला. मीठ अगदी बरोबर होतं.

त्या दिवसापासून तिनं विचारणं सोडलं. भांडली नाही, रुसली नाही. वेळेवर ताट वाढायची आणि उठायची. मेथी निबर असली तरी तिला काही वाटेना, भाकरी फुगली काय अन् चपटी राहिली काय, जी हाताला लागेल ती ताटात पडायची. केरोबाला आधी बरंच वाटलं. रोजची कटकट गेली, म्हणाला. मेल्याला कळलंसुद्धा नाही काय गेलं ते!

वर्षं गेली. गावानं चव बघायला दुसरा माणूस धरला. केरोबाला आता दोन्ही वेळा घरचंच ताट, आणि ताट वाढून गप्प उठणारी सगुणा. ती शांतता त्याला खायला उठू लागली. एका दुपारी त्यानं आमटीचा भुरका मारला आणि त्याचे डोळे भरून आले.

"वा! सगुणा, आमटी काय झकास केलीस गं आज!"

सगुणा चूल सारवत होती. तिनं मान वर केली नाही.

"यसूबाईंच्या सुनेनं वाटीभर दिलीय," ती म्हणाली. "सांगते तिला."

केरोबानं घाईघाईनं भाजीचा घास घेतला. "आणि ही भाजी? ही तुझी ना? तीही चांगली झालीय."

"असेल," सगुणा म्हणाली, आणि सारवत राहिली.

तात्पर्य: घरच्या माणसाला चांगला शब्द वेळेवर द्यावा. उशीर केला, तर ते माणूस घरात असतं, पण त्या शब्दाची वाट बघणारं कुणी उरलेलं नसतं.